हक्काचं परकं माणूस

गोळेबाईंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला परत पाठवलं. मानसशास्त्रात नुकतीच एम.ए. झाले होते, अंगात समाजसेवा सळसळत होती, आणि समुपदेशन शिकायचं तर गोळेबाईंकडेच, असं आमच्या सरांनी बजावलं होतं. कर्वे रोडच्या एका गल्लीत शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. हे काम का करायचंय, असं बाईंनी विचारलं. लोकांना मदत करायला मला मनापासून आवडतं, असं मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "मदतच करायची असेल तर रक्तदान करा. लवकर होतं, आणि वर बिस्कीट मिळतं."

घरी येऊन मी आईजवळ त्यांचा उद्धार केला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. महिन्याभराने परत गेले आणि कबूल केलं, की हे काम मला का करायचंय ते मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "हं. आता बसा." पुढची कितीतरी वर्षं मी बसले ती बसलेच.

बाई मूळच्या धायरीच्या. आता धायरी म्हटलं की इमारतींशिवाय काही आठवत नाही, पण बाई जन्मल्या तेव्हा ते गाव होतं आणि गोळ्यांची तिथे विहिरीखालची जमीन होती. चार भावांच्या वरची ही थोरली बहीण, म्हणून अख्ख्या गावाची आक्का. आई लवकर अंथरुणाला खिळली. तिचं करता करता भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली आणि बाईंचं लग्न करायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे शब्द त्यांचेच. दळण आणायचं राहून गेलं, या सुरात त्या ते सांगायच्या. शिकायचं मात्र त्यांनी राहू दिलं नाही. पीएमटीच्या बसने पुण्याला येऊन कॉलेज केलं, पुढे बंगलोरला राहून मानसोपचाराचं शिक्षण घेतलं आणि परत आल्या. मग शहरात आयटी आली, जमिनींना सोन्याचे भाव आले, भावांनी शेत विकलं, आणि त्याच शेतात उभ्या राहिलेल्या इमारतीत बाईंच्या वाट्याला एक फ्लॅट आला. "कांद्याच्या वाफ्यावर राहते मी, दुसऱ्या मजल्यावर," असं त्या पत्ता सांगताना म्हणत.

भावांना त्यांचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. धाकटा दत्तू एकदा आमच्यासमोरच म्हणाला, "आक्का, लोकांचं नुसतं ऐकायचं आन् त्याचे पैशे घ्यायचे, ह्ये काय काम हाय?" एरवी ळ आणि ण जपून बोलणाऱ्या बाई भावांशी बोलताना गावच्याच होत. त्या म्हणाल्या, "तू फुकाट तरी ऐकतो का कुनाचं?" दत्तूने तेवढ्यापुरती मान डोलावली आणि मोबाइलवर कुणाशी तरी मोठ्याने बोलायला लागला.

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, अगदी सारख्या. डॉक्टरची मोठी आणि पेशंटची लहान, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. पेशंटला चहा विचारत नसत. लोक म्हणत, पुणेरीच ते. पण पाणीसुद्धा आत मिळत नसे. बाहेर माठ होता, तिथे ज्याने त्याने घ्यायचं. दिवाळीत फराळाचे डबे यायचे, ते आले तसे परत जायचे. एका तरुण इंजिनिअरने अमेरिकेहून येताना बाईंसाठी अत्तराची बाटली आणली. बाईंनी ती हातात घेतली नाही. "ही देऊन तुम्हाला मला काय सांगायचंय ते सांगा. बाटली न्या," असं त्या म्हणाल्या आणि तो पाऊण तास त्याच विषयावर गेला.

सगळ्यांत कडक नियम नात्यांचा होता. त्यांना कुणी ताई, काकू, मावशी म्हटलेलं चालत नसे. एका आजीबाईंनी 'पोरी' म्हटलं, तर त्यांनाही बाईंनी आडनाव सांगितलं. मला हा तुसडेपणा वाटे आणि मी तसं एकदा बोलून दाखवलं. त्यावर बाई म्हणाल्या, "या शहरात रिक्षावाला काका, भाजीवाली मावशी, इस्त्रीवाला दादा. कंडक्टरसुद्धा मामा. एवढ्या नातेवाइकांच्या गोतावळ्यात माणसाला एक तरी हक्काचं परकं माणूस नको का, ज्याला खरं सांगता येईल?"

ते हक्काचं परकं माणूस व्हायला काय लागतं, ते मी पुढे जवळून पाहिलं. पुण्यात लग्नाला गेलं की पंगतीत बाईंचे एक-दोन पेशंट निघायचेच. बाईंना पाहून त्यांचा घास अडकायचा. शेजारी बसलेल्या सासूला किंवा नवऱ्याला ही बाई कोण, हे काय सांगायचं? म्हणून बाईंनी लग्नांना जाणं सोडलं. मग मुंजी सोडल्या, गणपतीतले कार्यक्रम सोडले. अर्ध्या शहराची गुपितं त्यांच्याकडे होती आणि सणासुदीला जेवायला जायला घर नव्हतं. भावांकडे जात, पण तिथे आक्का म्हणून वाढायलाच उभ्या राहत.

आमचं शिक्षण शनिवारी दुपारी धायरीच्या फ्लॅटवर चाले. मी, हिंजवडीच्या एका कंपनीत समुपदेशक असलेला संदीप, आणि तिसरं कुणीतरी. हे तिसरं माणूस दर वर्षी बदलायचं, कारण बाईंचं बोलणं सगळ्यांना पचत नसे आणि बाईंची खिचडी तर कुणालाच पचत नसे. आठवड्यातल्या अडलेल्या केसेस तिथे मांडायच्या, नाव-गाव न सांगता. पेशंटचं काय झालं याच्याइतकंच बाई विचारायच्या, की ऐकताना तुमचं काय झालं? राग आला का? कंटाळा आला का? मांडी का बदलली?

या कामात एक गोष्ट घडते. बाहेरच्यांना ती ऐकून गंमत वाटते, आत असलेल्याला मात्र ती गंमत वाटत नाही. पेशंट प्रेमात पडतो, समोर बसून ऐकणाऱ्याच्या. बाईंनी हे आम्हाला पहिल्या काही दिवसांतच सांगून टाकलं होतं. ज्याचं जन्मात कुणी ऐकून घेतलं नाही, त्याचं कुणीतरी दर आठवड्याला मध्ये न बोलता ऐकतं, मग त्याला ओढ वाटणारच. नाही वाटली तर काळजी करा, असं त्या म्हणायच्या. "आणि ओढ तुम्हालाही वाटेल. लाकडाचे नाही आहात. तेव्हा शनिवारी येऊन सांगायचं. जे शनिवारी सांगत नाही, ते पुढच्या आठवड्यात पेशंटला भोगावं लागतं."

हे संदीपच्या नशिबी लवकरच आलं. त्याच्याकडे अकोल्याकडची एक मुलगी यायची. सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, वारज्याला चार मुलींत एक खोली घेऊन राहणारी. कामावर गेलं की रडू येतं म्हणून आली होती. चार महिन्यांनी तिने संदीपला सांगितलं, की मला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. संदीपचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्या शनिवारी तो आला तो मनगटावर राखी बांधून, आणि विजयी मुद्रेने. "मी तिला समजावलं, की मी तुझ्या मोठ्या भावासारखा आहे. राखी पौर्णिमा आलीच होती. तिने राखी बांधली, विषय संपला."

मलाही वाटलं, किती छान मार्ग काढला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच तर करत आलोत. कॉलेजात नको असलेल्या मुलाला मुली हेच करायच्या. बाईंनी राखीकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ओवाळणी काय घातलीत?"

"पेन दिलं."

"छान. त्या मुलीला जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी मनातलं सांगायचा धीर झाला. तुम्ही तो काढून घेतलात आणि वर पेन दिलंत."

संदीपचा चेहरा पडला. तो म्हणाला, बाई, दुसरं काय करणार होतो, निदान नातं तर पवित्र राहिलं. तेव्हा बाई जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. "भावाला कोण काय सांगतं, संदीप? मला चार भाऊ आहेत. त्यांतल्या एकाला तरी माझ्या मनातलं काही माहीत असेल असं तुम्हाला वाटतं का? आता ती मुलगी तुमच्याकडे येईल, हसेल, दादा म्हणेल आणि खरं एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही घाबरलात, म्हणून भाऊ झालात. घाबरलात त्याचं काही नाही. पण तिला वाटलं, की आपण काहीतरी घाण केली, आणि दादांनी ती झाकली."

मग बाईंनी त्याच्याकडून पुढच्या भेटीची तालीम करून घेतली. राखी काढून जायचं. तुम्हाला जे वाटलं त्यात गैर काही नाही, आपल्यात तसं काही होणार नाही, आणि तरीही त्याच्याविषयी इथे बोलता येईल, एवढंच सांगायचं. बोलताना खाली बघायचं नाही. संदीप तीन वेळा अडखळला आणि बाईंनी तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. ती मुलगी आधी चिडली, एक आठवडा आलीच नाही. परत आली तेव्हा मात्र खरं बोलायला लागली. घरी सहा माणसं होती, पण हिला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणारं त्यांत एकही नव्हतं. ते दुःख संदीपपर्यंत पोचलं ते प्रेमाचा वेष घेऊन. भाऊ झाला असता तर त्याला ते कधी दिसलंच नसतं.

मला वाटे, बाई या बाबतीत दगडाच्या आहेत. पुरुष पेशंट त्यांच्या प्रेमात पडत, बायकाही पडत, आणि बाई शनिवारी खिचडी वाढता वाढता ते आम्हाला सांगत. असंच त्यांनी एकदा जोशींचं सांगितलं. त्यांना मी इथे जोशी म्हणते, कारण पुण्यात जोशी म्हटल्यावर कुणी सापडत नाही. बाकीचंही बदललं आहे. समजा, ते एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे नवी यंत्रं आली, नवे साहेब आले आणि जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. त्याच सुमारास बायको गेली. मुलगा अमेरिकेत. झोप येत नाही म्हणून ते बाईंकडे यायला लागले, आणि वर्षभराने त्यांनी बाईंना सरळ सांगितलं, की मला तुम्ही आवडता. बाई आम्हाला म्हणाल्या, "सभ्य माणूस आहे. बोलताना खुर्चीचा हात घट्ट धरला होता." आणि पुढच्या केसकडे वळल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला एक शनिवार. गेलो तर खिचडी नव्हती. बाई नेहमीच्या जागी, म्हणजे भिंतीला टेकून पलंगावर, न बसता आमच्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, आज माझी केस आहे. बंगलोरला ज्यांच्याकडे त्या शिकल्या ते केव्हाच गेले होते. पुण्यात एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे त्या स्वतःच्या अडचणी घेऊन जायच्या, तेही आदल्या वर्षी वारले. "मला वर कुणी उरलेलं नाही, म्हणून खाली सांगते," असं त्या म्हणाल्या. त्या वर्षी तिसरं कुणी टिकलं नव्हतं, संदीप आणि मीच होतो.

"मागच्या बुधवारी मी घरातून निघाले, जिना उतरले, आणि परत वर येऊन साडी बदलली. बुधवारी जोशी येतात." बाई थांबल्या. "स्वतःला सांगितलं, की डाग पडला होता. डाग नव्हता."

खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. बाई शांतपणे एकेक सांगत गेल्या. बुधवारी जोशींच्या नंतरची वेळ त्या हल्ली कुणाला देत नव्हत्या. का, ते स्वतःला विचारलं नव्हतं. एकदा जोशी आले नाहीत, तेव्हा त्यांनी तो सगळा वेळ खिडकीशी उभं राहून काढला. जोशींनी मुलाकडे अमेरिकेला जाऊन राहायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्यातल्या अडचणी दाखवणारे प्रश्न बाईंनी विचारले. "ते प्रश्न त्यांच्यासाठी नव्हते," बाई म्हणाल्या. "तिथे मला कळलं, की आता मी उपयोगाची राहिले नाही."

बाईंनी हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली. "मला ते आवडायला लागलेत," त्या म्हणाल्या, आणि मग, भावांशी बोलतात त्या आवाजात, "लई आवडायला लागलेत."

मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. साठीला आलेली बाई, रापलेला चेहरा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि त्या क्षणी अगदी कोवळ्या मुलीसारखी भ्यालेली. मला उठून त्यांचा हात धरावासा वाटला. पण आम्हाला तिथे हात धरायला बोलावलं नव्हतं. जे त्या दर शनिवारी आमच्यासाठी करायच्या ते आम्ही करायचं होतं. मी धीर करून विचारलं, त्यांना कळलंय का?

"कळलं असेल. माणूस आजारी असतो, आंधळा नसतो."

पुढचा प्रश्न संदीपने विचारला. तुम्ही त्यांना काय सांगणार? त्यावर ती सगळी दुपार गेली. आपल्यालाही ओढ वाटते असं सांगितलं, तर त्या माणसाला आशेला लावल्यासारखं होईल. काहीच न सांगता दुसरीकडे पाठवलं, तर त्याला वाटेल की आपण मन मोकळं केलं म्हणून हाकललं. शेवटी बाईंनी वाक्य ठरवलं आणि आमच्यासमोर त्याची तालीम केली, जशी संदीपकडून करून घेतली होती. "तुम्ही मला जे सांगितलंत ते सांगितलंत हे बरं केलंत. इथून पुढे मी तुमचं नीट ऐकू शकणार नाही. त्याचं कारण माझ्यात आहे, तुमच्या बोलण्यात नाही." दुसऱ्यांदा म्हणताना 'नीट ऐकू शकणार नाही' इथे त्यांचा आवाज गेला. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

त्या बुधवारी बाईंनी जोशींना ते वाक्य सांगितलं. जोशी माझ्याकडे यायला लागले. बाईंनीच तसं सुचवलं होतं, कारण माझं वय त्यांच्या मुलाएवढं होतं आणि माझ्याबद्दल बाईंना भरवसा होता, निदान तसं त्या म्हणाल्या. जोशींनी माझ्या खोलीत काय सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की ते वर्षभर आले, मग त्यांना येण्याची गरज उरली नाही, आणि मीही त्यांना थांबवलं नाही. त्यांच्याविषयी मला काही अडलं तर मी मुंबईतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना फोन करून विचारायची. शनिवारी धायरीला त्यांचं नाव निघत नसे. गोळेबाईंनी मला ते कसे आहेत एवढंही विचारलं नाही. मी आले की त्या माझ्या चेहऱ्याकडे न बघता दार उघडून आत जायच्या, एवढा फरक मात्र पडला होता.

एकदा संध्याकाळी मी माझी राहिलेली छत्री आणायला त्यांच्या खोल्यांवर गेले. शेवटचा पेशंट गेला होता. बाई पेशंटच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी होती. मला पाहून उठल्या नाहीत, संकोचल्याही नाहीत. म्हणाल्या, "इथून कसं दिसतं ते बघत होते." मी छत्री घेतली आणि निघाले. थांबून दोन शब्द बोलायला हवे होते असं जिन्यात वाटलं, पण कोणते ते सुचलं नाही.

जोशींचं माझ्याकडे येणं संपल्यावर साधारण वर्षाने, एका शनिवारी बाईंची बेल वाजली. आम्ही आत बसलो होतो. बाईंनी दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बाहेर जोशी होते. पांढरा शर्ट, हातात काही नाही. आम्हाला सगळं ऐकू येत होतं, पण बाईंनी दार लोटून घेतलं नाही.

जोशी म्हणाले, "आता मी कुणाचाच पेशंट नाही. त्यामुळे चहाला यायला हरकत नसावी."

"हरकत आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता दार बंद. पण बाई तशाच उभ्या होत्या. जोशीही. मग बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा कधी खचलात, तर त्या खोल्यांचं दार तुम्हाला उघडं असायला हवं. मी नाही, तर मी सांगेन ते माणूस. हे दार उघडलं, की ते कायमचं बंद झालं."

"मी नाही खचणार."

"तसं सगळेच म्हणतात."

जोशी हसले. बाईही हसल्या असाव्यात, कारण त्यांचे खांदे हलले. जोशींनी नमस्कार केला आणि ते जिना उतरायला लागले. त्यांची पावलं खालपर्यंत पोचून ऐकू येईनाशी होईतो बाई दारात होत्या. मग आत आल्या, बसल्या आणि संदीपला म्हणाल्या, कुठे होतो आपण? संदीपला आठवेना, मलाही आठवेना. बाईंना आठवत होतं.

संदीपला मात्र राहवलं नाही. राखीच्या दिवशी पडलेला त्याचा चेहरा मला आठवतो. या वेळी तो चिडलेला होता. म्हणाला, "बाई, दोघं एकटे आहात. कुणाची फसवणूक नाही, कुणाचा संसार मोडत नाही. कुणाचं काय बिघडणार होतं?"

बाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. "त्यांना जी बाई आवडली ना, संदीप, ती मला माहीत आहे. ती कधी स्वतःचं रडगाणं सांगत नाही. मध्ये बोलत नाही. तिला गुडघेदुखी नाही, भावांच्या कागाळ्या नाहीत, सकाळचा पेपर आधी दुसऱ्याने उघडला तर ती दिवसभर धुसफुसत नाही. फार चांगली बाई आहे. मलाही आवडते. पण ती त्या खुर्चीतच असते. घरी येत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांनी माझ्यासमोर स्वतःला उघडं केलं, आणि मी स्वतःबद्दल एक शब्द सांगितला नाही. अशा बोलीवर ते बोलले. त्याच बोलण्याच्या आधाराने मी त्यांच्या घरात कशी शिरू? आणि चार महिन्यांनी त्यांना मी नकोशी झाले, तर ते सांगायला त्या बापड्याने कुणाकडे जायचं?"

बाईंनी खिचडी वाढली. त्या दिवशी ती बरी झाली होती, पण ते कुणी बोललं नाही.

पुढे आमचे शनिवार विरळ होत गेले. संदीपला कंपनीने बंगलोरला पाठवलं. मला माझी प्रॅक्टिस, मुलं, घर. बाईंचे गुडघे गेले, जिना चढवेना, खोल्या सोडाव्या लागल्या. दत्तूच्या मुलाने खडकवासल्याच्या वरच्या बाजूला घर बांधलं होतं, त्याने आत्याला तिथे नेलं. तिथे त्या पुन्हा आक्का झाल्या. भाच्याची बायको चांगली होती, औषधं वेळेवर द्यायची, आणि दिवसभर कुणी त्यांच्याशी फारसं बोलायचं नाही.

मी शेवटची गेले ती पावसाळा संपल्यावर. त्यानंतर दोन महिन्यांत बाई गेल्या, म्हणून ती भेट शेवटची. गच्चीत खुर्च्या टाकल्या होत्या, समोर धरणाचं पाणी भरलेलं होतं. बाई बारीक झाल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. मोबाइलवरून मन मोकळं करायच्या ज्या नव्या सोयी निघाल्यात त्यांची त्यांनी यथेच्छ टर उडवली. माझ्या मुलांची चौकशी केली. बाई शालीचं टोक बोटांत धरून बसल्या होत्या.

"बरे आहेत ना ते?" त्यांनी विचारलं.

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत जोशींविषयी त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. एका शब्दाचं उत्तर. ते ओठांवर आलं. सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? म्हातारी बाई, धरणाचं पाणी आणि मी. पण मला ते जे कळलं होतं ते, जोशी मध्यंतरी पुन्हा येऊन गेले तेव्हा, माझ्या खोलीत कळलं होतं, दार लावून, आणि तिथलं बाहेर न्यायचं नसतं हे मला ज्यांनी शिकवलं त्याच समोर बसून विचारत होत्या. बाईंना चेहरा वाचता येतो, हे माहीत होतं. म्हणून मी तोंड फिरवलं आणि पाण्याकडे बघत राहिले.

बाई वाट बघत होत्या. ते मला पाठमोरीलाही कळत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास सोडला.

"माझी एखादी तरी विद्यार्थिनी नालायक निघायला हवी होती," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या हसत होत्या, डोळे भरलेले होते आणि ते त्या पुसत नव्हत्या. मी तरीही काही सांगितलं नाही.